बिलावरचं नाव, अवजारावरचा हात

आटपाडी तालुक्यात डाळिंबाची बाग धरणारा शेतकरी कायद्याच्या लेखी ग्राहक असतो की व्यापारी? प्रश्न वकिलांच्या वादातला वाटेल, पण त्याचं उत्तर थेट शेतकऱ्याच्या खिशाशी येऊन भिडतं. समजा, बहराच्या तोंडावर एकानं बॅटरीवर चालणारा फवारणी पंप मोबाईलवरून मागवला. घाऊक विक्रीच्या संकेतस्थळावर तो बाजारापेक्षा स्वस्त होता. पंधरा दिवसांत मोटर जळाली. तक्रार केल्यावर उत्तर आलं : ‘आमची विक्री फक्त व्यावसायिकांसाठी आहे. ऑर्डर देताना तुम्ही ही अट मान्य केली आहे. ग्राहक म्हणून तुम्हाला कोणताही हक्क नाही.’ बागेवर तेल्या रोगाचं सावट आहे, फवारणी थांबवता येत नाही, म्हणून तो दुसरा पंप विकत घेतो आणि जळालेला पंप पत्र्याच्या खोलीत टाकून देतो. विक्रेत्याचं शेवटचं वाक्य त्यानं खरं मानलेलं असतं.

ते वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. ते कधी खरं ठरतं आणि आपल्याच कोणत्या सवयीमुळे ठरतं, हेही सांगायला हवं.

माणदेशातला खरेदीदार

आटपाडी म्हणजे माणगंगेच्या काठचा, पर्जन्यछायेतला, सांगली जिल्ह्याचा ईशान्य कोपरा. टँकरचं पाणी घालून बागा जगवल्याच्या आठवणी इथं अजून ताज्या आहेत. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून ते टप्प्याटप्प्यानं माणदेशापर्यंत आणायचं, यासाठी इथल्या माणसांनी वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरवल्या. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर या चळवळीतल्या नेत्यांसोबत रस्त्यावर उतरली ती हीच माणसं. पाण्याचा हक्क मागून मिळतो, पण मागायला उभं राहावं लागतं, हे या तालुक्याला कुणी नव्यानं शिकवण्याची गरज नाही.

इथली बहुतेक कुटुंबं स्वतःच्या हातांवर जगतात. कुणाची दोन-चार एकर डाळिंबाची बाग, कुणाची मेंढरं, कुणाचं शिलाई मशीन, कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं मोबाईल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान. खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगले आहेत. या सगळ्यांना अवजारं लागतात : ठिबकचे सुटे भाग, कडबाकुट्टी, ग्रास कटर, वजनकाटे, क्रेट, सोल्डरिंगचं सामान, गाळण्याच्या मुशी. पूर्वी हा माल विटा, सांगली किंवा पंढरपूरच्या दुकानातून यायचा. आता त्यातला बराचसा कुरिअरनं दारात येतो. दुकानदार डोळ्यांसमोर असायचा, बिघडलेली वस्तू त्याच्या गल्ल्यासमोर नेऊन ठेवता यायची. ऑनलाइन विक्रेत्याचा गल्ला कुठल्या राज्यात आहे, हे बिल नीट वाचल्याशिवाय कळत नाही.

‘फक्त व्यावसायिकांसाठी’ का लिहितात?

या पाटीमागं काही सरळ कारणं आहेत. परदेशी भांडवल असलेल्या कंपनीला घाऊक विक्रीत शंभर टक्के गुंतवणुकीची मुभा आहे. मात्र स्वतःचा साठा ठेवून थेट किरकोळ ग्राहकाला ऑनलाइन विकण्याची परवानगी अशा कंपनीला नाही. त्यामुळे आपला खरेदीदार व्यापारी, उद्योग किंवा संस्था आहे, हे तिला कागदावर दाखवावं लागतं. म्हणून जीएसटी क्रमांक किंवा दुकानाचा परवाना मागितला जातो. दुसरं कारण पुड्यावरच्या छापील किमतीचं. वेष्टनबंद मालाचे २०११ चे वजनमाप नियम किरकोळ विक्रीच्या मालाला लागू होतात. उद्योगांना आणि संस्थांना थेट दिलेल्या मालाला त्यातून सूट आहे.

ही कारणं बेकायदा नाहीत. गडबड सुरू होते ती पुढं. कर आणि गुंतवणूक यांच्या सोयीसाठी लावलेली पाटी ग्राहकाचा हक्क नाकारण्यासाठी वापरली जाते तेव्हा. विक्रेत्यानं खरेदीदाराला काय म्हणायचं हे विक्रेता ठरवेल. खरेदीदार ग्राहक आहे की नाही, हे मात्र संसदेनं ठरवलं आहे.

कायदा काय विचारतो

महाराष्ट्रात ग्राहक चळवळ कायद्याच्या आधी उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. आटपाडी तालुक्याच्या मातीतल्या ग. दि. माडगूळकरांच्या गीतरामायणाला ज्यांनी स्वर दिले, ते सुधीर फडकेही या कामात होते. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो राष्ट्रीय ग्राहक दिन.

आज लागू आहे तो २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून. त्याच्या कलम २ मधल्या सातव्या उपकलमात ग्राहकाची व्याख्या आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूनं वस्तू घेणारा ग्राहक नाही, असं तिथं म्हटलं आहे. विक्रेते इथपर्यंतच वाचून दाखवतात. त्याखालीच स्पष्टीकरण दिलं आहे : माणसानं वस्तू घेतली, स्वतः वापरली आणि ती केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वापरली, तर तो व्यापारी हेतू धरला जाणार नाही. त्याच व्याख्येत खरेदीमध्ये ऑनलाइन व्यवहारही येतो, हे नमूद आहे.

म्हणजे विकणारा कोण, त्याच्या पानावर काय लिहिलं होतं, हे कायदा आधी विचारत नाही. तो विचारतो : वस्तू कुणी वापरली, कशासाठी वापरली?

हे स्पष्टीकरण १९९३ मध्ये जुन्या कायद्यात आलं आणि दोनच वर्षांनी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात त्याचा अर्थ पक्का झाला. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगानं वित्तीय महामंडळाच्या कर्जातून पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून संगणकनियंत्रित टर्निंग मशीन मागवलं. ते उशिरा आलं आणि सदोष निघालं. राज्य ग्राहक आयोगानं भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगानं ती काढून घेतली, आणि ४ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही उद्योगाचं अपील फेटाळलं. मोठ्या प्रमाणावर सुटे भाग बनवून कंपन्यांना पुरवण्यासाठी घेतलेलं मशीन व्यापारी हेतूचंच, असा निकाल लागला.

उद्योग हरला, पण त्या निकालपत्रानं लाखो छोट्या माणसांसाठी दार उघडं ठेवलं. रिक्षा घेऊन ती स्वतः चालवणारा ग्राहक आहे. ट्रक घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक आहे. लेथ मशीन घेऊन त्यावर स्वतः काम करणारा ग्राहक आहे. हाताखाली एक-दोन मदतनीस ठेवले म्हणून तो ग्राहक असण्याचं थांबत नाही. तीच रिक्षा, तेच मशीन पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला दिलं, तर मात्र तो ग्राहक नाही. पुढं विटा बनवण्याच्या यंत्राच्या एका प्रकरणात न्यायालयानं असंही म्हटलं की स्वयंरोजगारात कुटुंबातली माणसंही धरायची. आटपाडीत बागेतली फवारणी बाप-लेक मिळून करतात आणि प्रतवारी सगळं घर बसून करतं. तिथं या वाक्याचं मोल मोठं आहे.

शेतकऱ्यापुरता निकाल तर आणखी स्पष्ट आहे. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमकडून घेतलेलं बियाणं सदोष निघालं. शेतकरी बियाण्याचं उत्पादन विकतात, म्हणून ते ग्राहक नाहीत, असा निगमचा बचाव होता. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, हाही मुद्दा होता. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही फेटाळले. शेतकरी ग्राहक आहे, आणि पेरायला आणलेल्या बियाण्यातलं थोडं तपासणीसाठी राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. तक्रार लवादाकडेच न्यायला हवी, हाही आक्षेप टिकला नाही.

२०१८ मध्ये पॅरामाउंट डिजिटल कलर लॅब विरुद्ध अगफा इंडिया हा निकाल आला. दोन बेरोजगार पदवीधरांनी भागीदारीत फोटो छपाईचं यंत्र घेतलं होतं. भागीदारी संस्थेच्या नावावर यंत्र आहे, एवढ्यावरून व्यापारी हेतू ठरत नाही, पोटासाठी चाललेला तो स्वयंरोजगार आहे, असं न्यायालयानं म्हटलं. तालुक्याच्या गावात दोन मित्रांनी मिळून काढलेल्या झेरॉक्स सेंटरला किंवा लग्नाच्या पत्रिका छापणाऱ्या दुकानाला हा निकाल जवळचा वाटावा.

उसना जीएसटी क्रमांक

इतकं असूनही हरण्याचा एक हमखास रस्ता आहे आणि तो आपणच आपल्या पायाखाली घालतो.

स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या छोट्या दुकानदारालाही साधारणपणे ती सक्तीची नाही. घाऊक संकेतस्थळ मात्र क्रमांक भरल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. मग गावातल्या ओळखीच्या दुकानदाराचा क्रमांक घेतला जातो. तोही आपलाच माणूस. ‘घे की, त्यात काय,’ म्हणून देतो. पैसे शेतकऱ्याच्या यूपीआयवरून जातात, पार्सल शेतकऱ्याच्या पत्त्यावर येतं, पण बिलावर नाव येतं दुकानदाराचं.

वस्तू चांगली निघाली तर सगळं निभावतं. बिघडली की पेच उभा राहतो. कागदानुसार खरेदीदार दुकानदार आहे, आणि दुकानदार म्हटलं की माल पुन्हा विकण्यासाठी घेतला, हे विक्रेत्याला सहज म्हणता येतं. मालकाच्या संमतीनं वस्तू वापरणाराही ग्राहक ठरू शकतो, अशी सोय व्याख्येत आहे. पण ज्याच्या नावावर खरेदी आहे त्याचाच हेतू व्यापारी दिसत असेल, तर तिचा आधार कमकुवत होतो. दुकानदारानं तो पंप शेतकऱ्याला विकला असं धरलं, तर शेतकऱ्याची तक्रार दुकानदाराविरुद्ध उभी राहते. दूरचा विक्रेता मोकळा सुटतो आणि गावात भलं करायला गेलेला माणूस सामनेवाला होतो. भरीला, त्या बिलावरचा कर दुकानदारानं आपल्या देण्यातून वजा केला, तर जो माल त्याच्या धंद्यात वापरलाच नाही त्याचा परतावा घेतल्याचं उत्तर त्याला कर खात्याला द्यावं लागेल.

म्हणून पहिला आणि सगळ्यांत मोठा सल्ला एवढाच : बिल स्वतःच्या नावावर घ्या. ज्या संकेतस्थळावर ते शक्य नाही, तिथल्या स्वस्ताईत तुमच्या हक्काची किंमत वजा झालेली असते. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूत हे चालून जाईल. पंचवीस हजारांच्या कडबाकुट्टीत चालणार नाही.

युरोपातला एक खटला हाच धडा देतो. ऑस्ट्रियातल्या एका शेतकऱ्यानं सीमेपलीकडच्या जर्मनीतल्या बायवा कंपनीकडून घराच्या छपरासाठी कौलं घेतली. त्याच छपराखाली तो कुटुंबासह राहत होता आणि तिथंच त्याची डुकरं आणि चाराही होता. कौलांचा रंग एकसारखा निघाला नाही. ग्राहक म्हणून आपल्याच देशात दावा लावता येईल का, हा प्रश्न युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. २० जानेवारी २००५ रोजी न्यायालयानं सांगितलं की धंद्याचा वाटा अगदी नगण्य असेल तरच हा आधार मिळेल. खरेदीच्या वेळी आपण धंद्यासाठी घेतोय असा समज खरेदीदारानंच करून दिला, तर तोही आधार जाईल. त्या मानानं भारताचा कायदा राबणाऱ्या माणसाला अधिक जवळ घेतो, कारण धंद्यासाठीच घेतलेलं अवजारही इथं ग्राहकाचं ठरू शकतं. युरोपात मात्र घरगुती ग्राहकाला ऑनलाइन खरेदी कारण न देता १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क आहे. आपल्याकडं असा सरसकट हक्क नाही.

जे या कायद्याबाहेर राहतात

किराणा दुकानदारानं विकण्यासाठी घेतलेले तेलाचे डबे आणि मोबाईलवाल्यानं विकण्यासाठी घेतलेले चार्जर पुनर्विक्रीचा माल आहेत. तिथं ग्राहक आयोगाचं दार बंद आहे, आणि हे स्पष्ट सांगणं त्यांच्याच हिताचं आहे. नाहीतर दोन-तीन वर्षं चुकीच्या दारात जातात. ते अगदी उघडे मात्र पडत नाहीत. १९३० चा मालविक्री कायदा प्रत्येक खरेदीदाराला लागू आहे. माल वर्णनाप्रमाणे हवा, सांगितलेल्या कामाला योग्य हवा, स्वीकारण्याआधी तपासण्याची संधी हवी, या गोष्टी तो गृहीत धरतो. या हक्कासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं आणि मुदत साधारण तीन वर्षांची असते. पण दोन अडचणी आहेत. कायद्यानं गृहीत धरलेल्या अटी स्पष्ट करारानं बाजूला ठेवता येतात. आणि ‘वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात’ ही ओळ, त्या शहराचा व्यवहाराशी कायदेशीर संबंध असेल तर, व्यापाऱ्यावर सहसा बंधनकारक ठरते. घाऊक खरेदीत अटींचं पान वाचणं म्हणूनच व्यापाऱ्याला टाळता येत नाही.

पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, विक्रेता बनावट निघाला, तर तो फसवणुकीचा गुन्हा आहे. तिथं ग्राहक-व्यापारी हा भेदच नाही. १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

लढायचं कसं

ऑर्डर देण्याआधी वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्यावेत : वर्णन, वॉरंटी, परतीची अट, विक्रेत्याचं नाव आणि पत्ता. विक्रेत्याला संदेश पाठवावा की ही वस्तू मी माझ्या शेतात किंवा माझ्या कामासाठी स्वतः वापरणार आहे. ही एक ओळ पुढं फार कामाला येते. पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ करावा आणि मूळ फाइल जपून ठेवावी. बिघडलेली वस्तू फेकू नये आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून उघडूनही घेऊ नये.

मग तक्रार लेखी करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा वर्णनाशी जुळत नसेल, तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तरीही दाद लागली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.

यानंतर आयोग. मालासाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्यानं दिलेली मोठी सोय म्हणजे तक्रारदार जिथं राहतो किंवा स्वतः काम करून कमावतो, तिथं तक्रार दाखल करता येते. विक्रेता गुरुग्रामचा असो की सुरतचा, आटपाडीकर सांगलीच्या आयोगात जाऊ शकतो. परराज्यात गलाईचं दुकान चालवणाऱ्या कारागिरालाही त्याच्या कामाच्या गावचा आयोग खुला आहे. ‘वाद दिल्लीतच’ ही ओळ त्याला अडवू शकत नाही. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल सुरू झालं आहे. त्यावरून घरबसल्या तक्रार दाखल होते आणि दूरदृश्य सुनावणीही मागता येते. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये ठरवलं. कायद्यानं निकालासाठी तीन महिने, आणि वस्तू तपासायची असेल तर पाच महिने घालून दिले आहेत. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, तो धरूनच चालावं.

तक्रारीत एक परिच्छेद विसरू नये : माझी शेती किती, घरात राबणारे किती, वस्तू मी स्वतः कशी वापरतो, हेच माझं उपजीविकेचं साधन कसं आहे. सोबत सातबारा जोडावा. व्यापारी हेतू सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी सामनेवाल्याची आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये श्रीराम चिट्स प्रकरणात स्पष्ट केलं. ती त्यानं पार पाडली, तर स्वयंरोजगार दाखवण्याची पाळी आपली. तेव्हा पुरावा हाताशी हवा.

काय बदलायला हवं

कायदा बराच आपल्या बाजूचा आहे, तरी त्यात दोन उणिवा आहेत. जुन्या कायद्यातल्या स्वयंरोजगाराच्या स्पष्टीकरणात वस्तूंसोबत सेवाही होत्या. २०१९ च्या कायद्यात फक्त वस्तू उरल्या. आज छोटा माणूस घाऊक संकेतस्थळाची वार्षिक वर्गणी भरतो, बिलाचं सॉफ्टवेअर भाड्यानं घेतो. तिथं फसला तर ही ढाल त्याच्या हातात स्पष्टपणे नाही. सेवा पुन्हा त्या स्पष्टीकरणात यायला हव्यात. दुसरं, ई-कॉमर्स नियमांत एक ओळ हवी : ‘फक्त व्यावसायिकांसाठी’ या पाटीनं किंवा अशा अटीनं स्वतः राबणाऱ्या खरेदीदाराचा हक्क संपत नाही, आणि हे ऑर्डरच्या पानावर खरेदीदाराच्या भाषेत दिसलं पाहिजे. शेतकऱ्याला जीएसटी क्रमांकाशिवाय, शेतकरी म्हणूनच नोंद करता येईल असा रकानाही तिथं हवा. मग कुणाला दुसऱ्याचा क्रमांक मागावा लागणार नाही.

आटपाडी एके काळी औंध संस्थानात होती. त्या संस्थानानं १९३९ मध्ये गावपंचायतींच्या हाती कारभार देणारी राज्यघटना स्वीकारली होती. साध्या शेतकऱ्याला आपल्या व्यवहाराचं कळतं आणि त्याच्यावर विश्वास टाकता येतो, ही त्यामागची धारणा होती. आजच्या बाजारानंही तीच धारणा बाळगावी. माहिती देण्याचं काम ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रापासून बाजार समितीपर्यंत आणि महिला बचत गटापासून ग्राहक पंचायतीच्या शाखेपर्यंत कुणीही हाती घ्यावं. डाळिंबाच्या सौद्याच्या आवारात फळांच्या दरांशेजारी १९१५ हा क्रमांक लिहिला, तरी सुरुवात होईल.

माणदेशानं पाण्यासाठी जेवढी चिकाटी दाखवली, त्याच्या शंभराव्या हिश्शात ही लढाई जिंकता येते. एक तक्रार दाखल झाली की विक्रेत्याला उत्तर द्यावं लागतं. दहा दाखल झाल्या की तो आपल्या अटींचं पान बदलतो. आपलं नाव बिलावर, आपला हात अवजारावर आणि आपली तक्रार लेखी, या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याला ‘तुम्ही ग्राहक नाही’ असं सांगण्याचा अधिकार कोणत्याही संकेतस्थळाला नाही. तो निर्णय आयोगाचा आहे, आणि तो मागायला आयोगाकडे जायलाच हवं.